खंडेनवमीला पाने पूजेत

आमच्या जीपचं काम संपलं हे ओळखायची एक साधी खूण होती. शेवटी दोन-तीन नट हातात उरायचे. पहिल्या पहिल्यांदा आम्ही घाबरायचो, सगळं पुन्हा खोलायचो, पुन्हा बसवायचो, आणि मग तीनाचे पाच उरायचे. शेवटी आमच्यातल्या फिटरनं निकाल दिला की गाडी बनवणारे भीतीपोटी जास्तीचे नट लावून ठेवतात, गाडीला तेवढ्यांची गरज नसते. हा निकाल आम्ही एकमतानं मान्य केला. त्यात आमचा अपमान नव्हता आणि वेळही वाचत होता.

आम्ही म्हणजे तिघं. मी नेकनूरजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. फिटर परळीच्या वीज केंद्रात उभं आयुष्य काढून, निवृत्त होऊन गावी आलेला. त्यानं आयुष्यभर वाफेचे पाइप आवळले, त्यामुळं जगात कुठलाही नट ढिला राहिला की स्फोट होणार अशी त्याची पक्की खात्री. त्यानं आवळलेला नट नंतर त्याच्या स्वतःच्या बापालाही सुटला नसता. तिसरा आमचा मेंढपाळ मित्र. पिढ्यानपिढ्या मेंढरं राखणारं घर. त्याला इंजिनातलं काही कळत नाही असं मी म्हणायचो, पण तो बॉनेटवर कान ठेवून सांगायचा, "गुरुजी, हिला धाप लागलीया, हवा कमी पडतीया," आणि एअर फिल्टर उघडला की आत उंदराचं घरटं निघायचं. मग मी खडूनं बॉनेटवर आकृती काढून, हवा कमी पडली की नेमकं काय होतं हे दोघांना समजावून सांगायचो. ते दोघं तोवर बिडी ओढून घ्यायचे.

जीप मी एका सरकारी लिलावात घेतली होती. तिचा मूळ रंग कुठला हे कुणालाच माहीत नव्हतं. कुठंही खरवडलं की नवा रंग निघायचा. शोरूममध्ये गाडी सोडून एसीत बसून कॉफी पिणाऱ्या माणसांचा मला मनस्वी राग आहे. आपल्या गाडीच्या पोटात काय आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्यानं ती चालवू नये, बैलगाडीत बसावं. अर्थात बैलाच्या पोटातलंही त्याला कुठं ठाऊक असतं म्हणा.

माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, हा असा कॉफी पिणारा माणूस. नांदूरघाटला मोठी शेती, गावचं पुढारपण, आणि दारात पांढरी शुभ्र, घराएवढी गाडी. वायपरचं रबर झिजलं तरी ड्रायव्हर देऊन गाडी संभाजीनगरला पाठवतो. मागच्या दिवाळीत आम्ही जीप घेऊन त्याच्याकडं गेलो होतो. निघताना ती चालू होईना. बाहेर पंचवीस-तीस माणसं जेवायला बसलेली. मेहुण्यानं ओसरीवरूनच हाक दिली, "अरे, दाजींची गाडी ढकला रे चार जण!" चार जण आले, त्यांच्यामागं आणखी आठ आले, आणि खरकट्या हातांनी त्यांनी आमची वरात वेशीपर्यंत काढली. बायको आत बसून पदर तोंडावर धरून होती. मला वाटलं ती हसतेय. ती हसत नव्हती.

घरी आल्यावर तिनं भांडण काढलं नाही. ती अंगणवाडीत चाळीस पोरं सांभाळते, ओरडून काही होत नाही हे तिला माहीत आहे. पण या वर्षी नागपंचमी झाली आणि तिनं एका दुपारी, लसूण सोलता सोलता, निकाल सांगून टाकला.

"नवमीला मी माहेरी जाणार. त्याच जीपमधी जाणार. तिला एकदा जरी ढकलावं लागलं, तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भंगारवाला येणार हाय. माझं बोलणं झालंय त्याच्याशी."

"बोलणं झालंय?"

"झालंय. माणूस चांगला हाय. वजनावर घेतो म्हनला."

वजनावर! मी खरोखर घाबरलो. इथं खरं तेच सांगतो. शाळेत आता शिकवण्यापेक्षा माहित्या भरण्याचंच काम जास्त. मुलगी शिकायला पुण्याला. आठवड्यातले सहा दिवस मी कुणाच्या ना कुणाच्या सूचना पाळत असतो. रविवारी सकाळी ग्रीसमध्ये कोपरापर्यंत हात घातला की मला माणसात आल्यासारखं वाटायचं. ती जीप गेली असती तर लोखंड गेलं असतं हे ठीक, पण माझे रविवारही गेले असते, आणि ते दोघं कशाला माझ्या दारात आले असते?

मी दोघांना बोलावून परिस्थिती सांगितली. फिटर म्हणाला, "सगळं उघडू." मेंढपाळ म्हणाला, "उघडू नका बे, हाय तेवढं बरं हाय." अर्थातच आम्ही सगळं उघडलं. सात रविवार लागले. रेडिएटर धुतला, नळ्या बदलल्या, ब्रेक केले, क्लच केला. नवमीच्या आदल्या दिवशी जीप एका चावीत सुरू झाली आणि नटही एकच उरला. तिघांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

नवमीला सकाळी आमच्याकडं हत्यारांची पूजा असते, तशी सगळ्यांकडंच असते. ज्यावर घर चालतं ते घासून-पुसून पाटावर मांडायचं. आमच्या पाटावर विळी, कोयता, खुरपं, बायकोची कात्री, आणि त्यांच्या शेजारी आमची पान्यांची अख्खी पेटी. मीच हौसेनं एकेक पाना डिझेलनं धुऊन ओळीनं लावला होता. पक्कड, टॉमी, जॅक, अगदी जादा ठेवलेला फॅन बेल्टसुद्धा. सगळ्यांना हळदीकुंकू लागलं. एकदा पूजा झाली की दसरा उजाडेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, ती विश्रांती घेतात. हे मी लहानपणापासून पाळत आलोय. विज्ञान शिकवतो म्हणून काय झालं?

जीपचीही पूजा झाली. मेंढपाळानं स्वतःच्या रानातल्या झेंडूचे दोन जाडजूड हार आणले होते. एक पुढं जाळीवर बांधला. दुसरा हातात घेऊन तो म्हणाला, "तोंडाला हार घातला, पण हिचं काळीज तर आत हाय." मला हा विचार फारच आवडला. मी बॉनेट उघडलं, त्यानं इंजिनाला हार घातला, फिटरनं नारळ फोडला, तिघांनी हात जोडले आणि मी भक्तिभावानं बॉनेट लावून टाकलं.

निघायच्या वेळी सवयीनं माझा हात पान्यांच्या पेटीकडं गेला.

"हात लावू नका," बायको म्हणाली. "पूजेतले हायेत."

"अगं, पण रस्त्यात..."

"कावून? सात रविवार केलं ना सगळं? का न्हाई केलं?"

मी हात मागं घेतला. मेंढपाळाला शंका आली. "वैनी, मग गाडी बी हत्यारच झालं की. तिची बी पूजा झालीय. तिनं बी इसावा घ्यायला पायजे."

फिटर लगेच म्हणाला की परळीत नवमीला पूजा व्हायची, पण बॉयलर बंद केल्याचं त्यानं कधी पाहिलं नाही. बायकोनं दोघांचं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "गाडी चाललेली चालती. पाने उचललेले चालत न्हाईत." विषय संपला. ते दोघंही मागच्या बाकांवर चढून बसले. काही झालंच तर असू द्यावं म्हणून आलो, असं म्हणाले. हत्यारांशिवाय ते काय करणार होते हे कुणीच विचारलं नाही.

रस्ता सुरेख होता. दोन्ही बाजूंना सोयाबीन निघालेलं, समोरून येणारी प्रत्येक गाडी हार घातलेली. ट्रक, ट्रॅक्टर, मोटारसायकली, सगळ्या लग्नाला निघाल्यासारख्या. मी बायकोकडं पाहून दोनदा हसलो. तिनं एकदा हसून दाखवलं. नांदूरघाट सात-आठ किलोमीटर राहिलं असेल, एक चढ संपला, आणि तापमानाचा काटा तांबड्याकडं सरकू लागला. पाठोपाठ भाजी करपल्यासारखा वास आला.

"कुणाच्या तरी रानात काही जळतंय," मी म्हणालो.

"इथंच जळतंय," बायको म्हणाली.

थांबून बॉनेट उघडलं तर आत झेंडूचा भुगा. वाफ, पाकळ्या आणि काळ्या चिंध्या. इंजिनाच्या काळजाला घातलेला हार पंख्यानं ओढून घेतला होता. हार साध्या दोऱ्यात असता तर तुटला असता, पण मेंढपाळानं तो नायलॉनच्या सुतळीत ओवला होता, मजबूत असावा म्हणून. सुतळी पुलीत गुंडाळली गेली आणि फॅन बेल्ट फाडून मोकळी झाली. हा बेल्ट पंखा फिरवतो आणि इंजिनातलं पाणीही फिरवतो. तो नसला की इंजिन पातेल्यासारखं तापतं.

"ओवला कुणी?" फिटर गरजला.

"ओवला मी. पर झाकण लावलं कुणी बे?" मेंढपाळ म्हणाला.

दोघांनी माझ्याकडं पाहिलं. मी आकाशाकडं पाहिलं.

जादा बेल्ट घरी पाटावर होता, कुंकू लावलेला. सुतळी कापायला सुरी नव्हती, ती पूजेत. मेंढपाळाच्या कमरेला कायम असणारी लोकर कातरायची कात्री त्याच्या घरच्या पूजेत. तेवढ्यात एक ट्रॅक्टरवाला आमची दशा बघून थांबला.

"दादा, एखादा पाना, चाकू काही हाय का?" मी विचारलं.

"आज?" त्यानं असं काही पाहिलं, जणू मी भर एकादशीला मटण मागितलं होतं. "आज कोन पाना देतंय हो? तुमी गुरुजी ना? तुमाला कळाया पायजे." तो निघून गेला. मला खरोखर लाज वाटली.

शेवटी मेंढपाळानं पुलीत तोंड घालून सुतळी दातांनी तोडली. काळंकुट्ट तोंड वर काढून तो म्हणाला, "ग्रीस चवीला वाईट न्हाई." कुणी हसलं नाही.

तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. मेहुणा होता. त्याचा आवाज फोनबाहेर आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता, पुढाऱ्याचाच आवाज तो. "अक्का, कुठवर आलात? बंद पडली का दाजींची? लाजू नको, माझी गाडी पाठवतो. टोचन बी देतो सोबत, बांधून आणू तिला." मागं चार माणसं हसल्याचं ऐकू आलं.

मी बायकोकडं पाहिलं. तिनं नुसतं "पाठव" म्हटलं असतं की संपलं. अट तिची, जीप भंगारात, मी मोकळा. मनातून मी जीपचा निरोपही घ्यायला लागलो होतो.

"आपट्याची पानं घ्यायला थांबलोय," ती म्हणाली. "येतोच." आणि फोन ठेवला.

मग ती तडक जीपमागं गेली आणि तिनं आईसाठी घेतलेल्या आहेराची पिशवी उघडली. त्यात दोन लुगडी, दोन कोरे परकर. तिनं परकरांच्या नाड्या सरासर ओढून काढल्या आणि मेंढपाळापुढं धरल्या.

"भाऊजी, वासराचं दावं वळता ना? तसं वळा. घट्ट."

"अगं, पण..." मी म्हणालो. म्हणजे नाडीवर इंजिन चालतं का, घर्षण किती, ताण किती, हे सांगायला मी खिशातला खडूही काढला होता.

"माझ्या नवऱ्याला मी हसीन," ती म्हणाली, माझ्याकडं न बघता. "त्यानं कावून हसावं?"

मी खडू परत ठेवला.

मेंढपाळानं नाड्या दुहेरी करून असं दावं वळलं की फिटरनंही मान हलवली. पुलींवरून ते ओढून गाठ मारली. पाना लागला नाही, हे विशेष. कॅनमधलं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं. मी चावी फिरवली. टक. पुन्हा फिरवली. टक. गडबडीत बटणाला हात लागून दिवे चालू राहिले होते, जुनी बॅटरी बसली होती.

आता एकच उपाय होता आणि तो चौघांनाही माहीत होता. शेवटी मेंढपाळानंच धीर केला. "वैनी, इथं ढकललेलं धरायचं का? इथं तर कुणी बघाया बी न्हाई."

"आधी चालू होऊ द्या," ती म्हणाली. "बगू."

फिटरच्या कमरेत उसण भरलेली. दोघांनी जीप हलेना. तिसरा मी लागणार होतो, म्हणजे चालकाच्या जागेवर कुणीतरी बसायला हवं. बायको कुणाला न विचारता आत जाऊन बसली. मी खिडकीशी जाऊन सांगायला लागलो, "हे बघ, हा क्लच, हा असा..."

"दुसऱ्यात टाकते. जोर आला की सोडते," ती म्हणाली. "जा मागं, ढकला."

आम्ही ढकललं. दहा पावलं, वीस पावलं, माझ्या डोळ्यांपुढं काजवे, आणि मग जीपला एक हिसका बसला, काळा धूर आमच्या तोंडावर आला आणि ती चालू झाली. आम्ही तिघं टाळ्या पिटत उभे राहिलो. जीप थांबली नाही.

"अगं थांब!" मी ओरडलो.

"थांबवली तर बंद पडंल!" आतून आवाज आला. "पळा!"

मेंढपाळाचा जन्म मेंढरांमागं पळण्यात गेलेला, तो दोन ढांगांत आत. त्यानं फिटरला कॉलर धरून ओढून घेतला. मी राहिलो शेवटी. नवा पायजमा, पायात चपला, वय बावन्न. कसाबसा मागच्या पायरीवर चढलो आणि दांडी धरून लोंबकळत राहिलो. समोरून येणारे लोक माझ्याकडं बघून हात जोडत होते. का, ते मला अजून कळलेलं नाही.

आत चढल्यावर माझ्या लक्षात आलं की गाडी नीट चालली आहे. नुसती चालली नव्हती, माझ्यापेक्षा चांगली चालली होती. नाडीवर ताण येऊ नये म्हणून बायको हळू, एका लयीत नेत होती. खड्डा आला की आधीच वेग कमी करायची, गिअर आवाज न करता पडत होते. फिटर माझ्या कानात म्हणाला, "सर, हे आजचं काम न्हाई."

नांदूरघाटला तिनं जीप थेट वाड्यासमोरच्या पटांगणात नेऊन, वळवून, तोंड बाहेर करून उभी केली. ओसरीवर मेहुणा आणि त्याची माणसं. पुढं बहीण, मागं काळ्या तोंडाचे तीन बाप्ये. मेहुण्यानं आधी हसायची तयारी केली, मग त्याला नक्की कुणाला हसावं हे कळेना.

"अक्का, तू? आन् दाजी मागं?" तो म्हणाला. "ढकलावी लागली म्हन की."

"लागली," बायको म्हणाली. "हेंनी ढकलली, मी चालू केली. तुझी बंद पडली तर तुला काय येतं?"

माणसं हसली. या वेळी दुसऱ्या बाजूनं हसली. तेवढ्यात सासूबाई काठी टेकत आल्या, लेकीच्या तोंडावरून हात फिरवला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आता दिसली गं तू मला. पोरीची जात म्हनून मी न्हाई म्हनायची, तरी ह्येच्या बापानं हिलाच टॅक्टर शिकवला. चार वर्सं रान हिनंच नांगरलं. मग ह्यो मोठा झाला, हिला खाली उतरवली, लगीन लावून दिलं."

मेहुणा चहाचं सांगायला आत गेला. मी तिथंच उभा. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती. तिच्या हातची भाजी कुठल्या दिवशी कशी होते ते मला ठाऊक होतं. जीपच्या पोटातली नळी न् नळी मला पाठ होती. ही एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. मला स्वतःचा राग आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

नवमीचा मुक्काम करून, दसऱ्याला तिथंच नवा बेल्ट मागवून बसवून, आम्ही संध्याकाळी परत निघालो. जीप मी चालवत होतो. ते दोघं मागं पेंगत होते. मी हळूच म्हणालो, "तू कधी बोलली नाहीस."

ती बाहेर बघत होती. "तुमी त्या सीटवरून कधी उतरलात का?" एवढंच म्हणाली. रागानं नाही. खरंच विचारल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाला वजनकाटा आणि दोन माणसं घेऊन आला. मी दारात उभा राहिलो, अट मोडली होती. बायकोनं त्याला चहा दिला, गूळ दिला, जुन्या सायकलचा सांगाडा दिला आणि म्हणाली, "जीप द्यायची न्हाई. मला रोज अंगणवाडीला जायला लागती."

मी मोठा श्वास सोडला. जीप वाचली, रविवार वाचले, मला तिला काय म्हणू आणि काय नको असं झालं. तेव्हा ती माझ्याकडं वळली आणि चावीसाठी हात पुढं केला. चावी माझ्या खिशातच होती. ती काढून तिच्या हातावर ठेवायला मला जरा वेळ लागला. फार नाही, पण तिला दिसेल एवढा लागला, आणि तो तिनं पाहिला.